जागा भरायची की माणूस निवडायचा

रविवार, २८ एप्रिल २०२४
नोव्हाय, मिशिगन

काल सातवा राउंड संपला आणि घरात जरा शांतता झाली. यंदाचा एनएफएल ड्राफ्ट, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधली नव्या खेळाडूंची निवड, आमच्याच डेट्रॉइटमध्ये होता. तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर माणूस डाउनटाउनला येऊन गेला. आधीचा विक्रम नॅशव्हिलचा होता, २०१९ मधला, सहा लाखांचा. ज्या डाउनटाउनमध्ये संध्याकाळनंतर जाऊ नका असं आम्हाला इथे आल्या आल्या बजावलं होतं, तिथे गुरुवारी रात्री गर्दी मावेना म्हणून प्रवेश थांबवावा लागला. मला अगदी भरून आलं. पण लिहायला बसलेय ते वेगळ्याच कारणाने. लेकाशी आठवडाभर चाललेला वाद डोक्यातून जात नाहीये, तो एकदा नीट उतरवायचाय.

पुण्याहून ताईने फोनवर विचारलं, ‘म्हणजे आयपीएलसारखा लिलावच ना गं?’ नाही. लिलावात पैसा बोलतो, इथे नंबर. ३२ संघ, सात राउंड, आणि कॉलेजांतून बाहेर पडणारी मुलं. सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड, विजेत्याला शेवटची. यंदा पहिल्या राउंडमध्ये नाव ठरवायला दहा मिनिटं होती. नंबर विकता येतो, बदलता येतो, पुढच्या वर्षीचा नंबर आज गहाणसुद्धा टाकता येतो.

म्हणून हरणाऱ्या गावाचा ड्राफ्टवर फार जीव असतो. आमचे, म्हणजे डेट्रॉइटचे, लायन्स वर्षानुवर्षं या रांगेत पुढे असायचे. २००३, २००४, २००५ अशी ओळीने तीन वर्षं त्यांनी पहिल्या राउंडमध्ये वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) घेतला, आणि २००८ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरले. त्याच हिवाळ्यात इथल्या गाड्यांच्या कंपन्या बुडायला आल्या होत्या. ऑफिसात रोज कोणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत उरलेली माणसं एप्रिलमध्ये कोणाला घ्यावं यावर तावातावाने बोलायची. मी फुटबॉल शिकले ती तिथे. यंदा मात्र आमचा नंबर होता २९वा. इतका उशिराचा नंबर मी तरी पाहिला नव्हता, कारण जानेवारीत संघ सुपर बोलपासून, म्हणजे अंतिम सामन्यापासून, एका सामन्यावर येऊन थांबला होता.

आता लेकाचं म्हणणं. त्याने महिनाभर आधी फ्रिजवर एक तक्ता लावला आहे. वर हिरव्या रंगात क्वार्टरबॅक (पास फेकणारा सूत्रधार), टॅकल (त्याला राखणारा), एज रशर (कडेने त्याच्यावर धावून जाणारा), कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा). तळाला लाल रंगात रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) आणि आतला लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला). माणूस नंतर बघा, आधी मैदानावरच्या जागेचा भाव बघा, हा त्याचा सिद्धांत. तो हवेतला नाही. २०११ पासून नवख्याचा पगार त्याच्या नंबरवर बांधलेला आहे. २०१० मध्ये पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड हमीचेच पाच कोटी डॉलर घेऊन गेला. पुढच्याच वर्षी पहिला आलेला कॅम न्यूटन चार वर्षांचे मिळून सुमारे २.२ कोटींवर थांबला. म्हणजे बाराव्या नंबरला क्वार्टरबॅक घ्या नाहीतर रनिंग बॅक, पगार तोच. पण तयार खेळाडूंच्या यंदाच्या बाजारात चांगल्या क्वार्टरबॅकला वर्षाला पाच कोटी मोजावे लागतात, आणि उत्तम रनिंग बॅक एक-दीड कोटीत मिळतो. मग जी वस्तू बाहेर स्वस्त आहे तिच्यासाठी पहिल्या राउंडचा नंबर कशाला जाळायचा? न्यूयॉर्क जायंट्सनी २०१८ मध्ये दुसऱ्या नंबरवर सॅक्वॉन बार्कली घेतला. गेल्या महिन्यात तो फिलाडेल्फियाला गेला. लेक हे उदाहरण दिवसातून एकदा तरी ऐकवतोच.

हिशेब चोख आहे, पण मला तो अपुरा वाटतो.

गेल्या वर्षीचीच गोष्ट. लायन्सचे जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स यांनी सहावा नंबर ॲरिझोनाला दिला, बारावा घेतला आणि जामीर गिब्ज हा रनिंग बॅक उचलला. अठराव्या नंबरला जॅक कॅम्पबेल, आतला लाइनबॅकर. तक्त्यातली लाल रंगाची दोन्ही घरं एकाच रात्रीत! टीव्हीवरच्या मंडळींनी तिथल्या तिथे नापास करून टाकलं. पुढे गिब्जने ९४५ यार्ड धावून दहा टचडाउन केले. त्याच अदलाबदलीत हाती आलेल्या ३४व्या नंबरवर टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) सॅम लापोर्टा घेतला होता. त्याने ८६ झेल घेतले, नवख्या टाइट एंडसाठी तो तेव्हा विक्रम होता. ४५व्या नंबरवर बचावपटू ब्रायन ब्रँच. संघाने ३० वर्षांनी डिव्हिजन, म्हणजे आपला चार संघांचा गट, जिंकली.

‘आई, निकाल चांगला लागला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही,’ लेक म्हणतो. हे त्याचं शंभर टक्के खरं आहे. म्हणून मी निकालावर भांडतच नाही. माझा मुद्दा असा आहे की तक्ता सरासरीचा भाव सांगतो. सरासरी रनिंग बॅक स्वस्त मिळतो, कबूल. पण गिब्जला घेताना त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे संघाला नेमकं माहीत होतं: चेंडू घेऊन धावायचं, बाजूला सरकून पास झेलायचा, आणि समोरच्या लाइनबॅकरला सतत संभ्रमात ठेवायचं. ज्याला काम ठाऊक आहे त्याने त्या कामाचा माणूस निवडला. ‘जागा स्वस्त’ एवढंच म्हणून तो सोडून देणं मला पटत नाही.

दुसरं असं की हे भाकीत कोणालाच धड जमत नाही. मॅसी आणि थेलर या दोन अभ्यासकांनी या ड्राफ्टचा हिशेब मांडला होता. थेलर म्हणजे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. आधी निवडलेला खेळाडू हा त्याच जागेवरच्या पुढच्या निवडीपेक्षा सरस निघेल, याची शक्यता त्यांच्या हिशेबात जेमतेम ५२ टक्के भरते. इतके स्काउट, इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) ४० यार्डांची धाव शंभराव्या सेकंदापर्यंत मोजणारी इतकी घड्याळं, आणि शेवटी नाणेफेकीपेक्षा थोडंसंच बरं. या बुधवारी आमच्या अमॉन-रा सेंट ब्राउनने चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलरचा करार केला. २०२१ मध्ये तो ११२वा होता. त्याच्या आधी १६ रिसीव्हर निवडले गेले. त्या सोळांची नावं, प्रत्येकाच्या कॉलेजसकट, तो आजही क्रमाने म्हणून दाखवतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आणि जानेवारीत आमचं स्वप्न ज्याने मोडलं तो सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी? २०२२ च्या ड्राफ्टचा अगदी शेवटचा, २६२वा.

घाईने निकाल देणाऱ्यांना मी आणखी एक आठवण करून देते. २०२२ मध्ये जॅक्सनव्हिलने ट्रॅव्हॉन वॉकरला पहिला घेतला, म्हणून मिशिगनचाच एडन हचिन्सन दुसऱ्या नंबरवर आम्हाला मिळाला. पहिल्या वर्षी हचिन्सनचे साडेनऊ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं), वॉकरचे साडेतीन. जॅक्सनव्हिल किती वेडं, असं सगळीकडे चाललं होतं. दुसऱ्या वर्षी वॉकर दहावर पोचला. मुलं २१-२२ वर्षांची असतात हो. तीन वर्षं तरी द्यावीत.

यंदाचा मोठा वाद अटलांटाचा. मार्चमध्ये त्यांनी कर्क कझिन्सला चार वर्षांसाठी १८ कोटी दिले, आणि गुरुवारी आठव्या नंबरवर मायकेल पेनिक्स ज्युनियर हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला. लेक उभाच राहिला. ‘भरलेल्या जागेवर आठवा नंबर!’ इथे मी अटलांटाच्या बाजूने आहे. कझिन्स ३५ चा, गेल्या ऑक्टोबरमध्ये त्याचा टाचेमागचा स्नायुबंध (अकिलीस) तुटलेला. चांगला क्वार्टरबॅक गरज पडेल त्या वर्षी ठरवून मिळत नसतो, समोर दिसेल तेव्हा घ्यावा लागतो. ग्रीन बेने २००५ मध्ये ॲरन रॉजर्स घेतला आणि तीन वर्षं बाकावर बसवला; २०२० मध्ये जॉर्डन लव्ह घेतला, तोही तसाच बसला, आणि यंदा त्यानेच त्यांना प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) नेलं. पेनिक्सचा एकच गुडघा दोनदा गेलाय, ती जोखीम खरी आहे. पण ती त्या मुलाची जोखीम आहे, जागेची नाही.

आमची निवड आली तेव्हाचं काय सांगू. लायन्सनी २९ आणि ७३ देऊन डॅलसचा २४वा घेतला, हे मोठ्या पडद्यावर झळकलं आणि शेजारी उभे असलेले एक आजोबा थेट रडायलाच लागले. अंगावर लायन्सचा जुना तारा बॅरी सँडर्सची विटलेली जर्सी. मग नाव आलं, टेरियन आर्नल्ड, कॉर्नरबॅक, अलाबामा. आमची पासविरुद्धची बाजू वर्षभर गळत होती, हा मुलगा कॉलेजात ब्रँचबरोबर खेळलेला. लेकाच्या तक्त्यातही हिरवा, माझ्याही मनातला. त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांशी भांडलो नाही.

भांडण शनिवारसाठी उरलं होतं. काल चौथ्या राउंडमध्ये १२६व्या नंबरवर आम्ही जोव्हानी मानू घेतला. टोंगामध्ये जन्मलेला, कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात खेळलेला प्रचंड देहाचा टॅकल. त्याच्यासाठी पुढच्या वर्षीचा तिसऱ्या राउंडचा नंबर देऊन टाकला. माणूस बघून निवडलाय, म्हणजे माझ्याच मताचं झालं, असं लेक मला खिजवतोय. पण मला हे अजिबात आवडलेलं नाही. मानूबद्दल माझी तक्रार नाही, तो मोठा होवो. तक्रार किमतीची आहे. भाकीत इतकं कच्चं असेल तर हातात जास्त नंबर असणं हीच खरी ताकद, आणि संघ नेमके पुढच्या वर्षीचे नंबर मातीमोल भावाने काढतात. त्या अभ्यासात हेही आलं होतं. आम्ही २०२१ मध्ये आमचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सला दिला आणि त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ याच्याबरोबर पुढच्या वर्षांचे दोन पहिल्या राउंडचे नंबर घेतले. गेल्या वर्षीचा तो सहावा नंबर त्यातलाच, गिब्ज आणि लापोर्टा त्यातूनच उगवले. ज्या संघाने दुसऱ्याच्या घाईवर घर उभं केलं, त्याने स्वतः घाई करू नये.

पुढचा ड्राफ्ट ग्रीन बेमध्ये आहे. लेकाची यादी आत्ताच सुरू झालीय, हचिन्सनच्या दुसऱ्या बाजूला एज रशर हवा म्हणतो. हवाच. पण तिसऱ्या राउंडचा नंबर आपल्याकडे नाही, हे त्या यादीच्या डोक्यावर आधी लिही, असं मी त्याला सांगितलंय.