एका फोटोसाठी एकोणीस दिवस

‘सविस्तर कंडिशन रिपोर्ट सोबत जोडला आहे.’ मी एका घड्याळाचे फोटो मागत होतो आणि लिलाववाल्यांनी हे एकच उत्तर मला तीनदा पाठवलं. रिपोर्टात काय होतं? ‘वयाच्या मानाने स्थिती चांगली.’ असं तर डॉक्टर माझ्याबद्दलही म्हणतात.

मी न्यू जर्सीत राहतो. चित्रकारांनी डिझाइन केलेली घड्याळं जमवायचा नाद आहे. मोव्हाडो या घड्याळ कंपनीने 1988 मध्ये अँडी वॉरहॉलचं पाच डायलांचं ‘टाइम्स/5’ काढलं, फक्त 250. ते मला परवडणारं नाही. पण चित्रकारांच्या त्याच मालिकेत पुढे याकोव्ह अगामचं ‘लव्ह स्टार’ आलं, 18 कॅरट सोन्याचं, खिशात ठेवायचं. अगाम म्हणजे बघणारा जागेवरून हलला की ज्याचं चित्र बदलतं, तो. हे घड्याळ मी कित्येक वर्षं शोधत होतो.

एका लहान लिलावाच्या यादीत ते दिसलं. पाच फोटो, पाचही समोरून! मला दोनच गोष्टी बघायच्या होत्या: 750 चा शिक्का, म्हणजे 18 कॅरट सोन्याची खूण, आणि मर्यादित आवृत्तीतला त्या घड्याळाचा क्रमांक. सर्टिफिकेटवर क्रमांक होता, पण पेटी एका घड्याळाची नि आत घड्याळ दुसरंच, हे या धंद्यात नवीन नाही. पहिल्या मेलला उत्तर आलं पाच दिवसांनी, वर सांगितलेलं. दुसऱ्या मेलवर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी नको असलेल्या फोटोवर लाल फुली मारून पाठवली, तेव्हा तेच उत्तर आणि वर पेटीचा फोटो. मखमल छान होती. फोन केला की संगीत वाजायचं, मग ‘संबंधित व्यक्ती जागेवर नाही’. मी चिडून बोली लावायचीच नाही असं बायकोला दोनदा जाहीर केलं. तिने दोन्ही वेळा मान डोलावली.

लिलावाच्या आदल्या दिवशी फोन चुकून गोदामात लागला. तिथली मुलगी म्हणाली, “थांबा हं.” चार मिनिटांत दोन्ही फोटो मोबाइलवर. क्रमांक जुळला. एकोणीस दिवस कशात गेले, देव जाणे. तुम्ही पहिला फोन गोदामातच करा.

बोली लावताना हिशेब उलटा मांडा. 25 टक्के प्रीमियम, म्हणजे बोलीवर लिलाववाले घेतात ते कमिशन, आणि त्या सगळ्यावर आमच्याकडचा 6.625 टक्के सेल्स टॅक्स. म्हणजे हजारावर थांबलात तरी 1,333 डॉलर जातात. मी ठरवल्यापेक्षा दोन बोल्या पुढे गेलो, ते असो.

हो, एक राहिलं. पुढे घड्याळ तपासायला पाठवायचं झालं तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, 50,000 डॉलरपर्यंत विमा मिळतो. खोक्याला चिकटपट्टी मात्र कागदीच लावायची, कारण प्रत्येक सांध्यावर शिक्का मारतात आणि प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. मी चकचकीत पट्टी गुंडाळून नेलं होतं. काउंटरसमोरच सगळी सोलली.