ढग काढायचेत? आधी तो कुठला ढग आहे ते तरी ठरवा

डिजिटल पेंटिंगमधलं आकाश खोटं वाटायला लागलं की लोक आधी ब्रशला शिव्या घालतात, मग नवीन क्लाउड ब्रशचा पॅक डाउनलोड करतात, आणि ढग तरीही खोटेच दिसतात. माझ्या मते बहुतेक वेळा घोळ ब्रशचा नसतोच, आपण नेमका कुठला ढग काढतोय हेच डोक्यात ठरलेलं नसतं. मग वरती क्युम्युलसचे (कापसाच्या ढिगासारखा ढग) फुगे, कडेला सिरसच्या (उंचावरचा पिसासारखा ढग) शेपट्या, तळही गोल गुबगुबीत, आणि सगळ्यावरून सॉफ्ट एअरब्रश. असा ढग आकाशात सापडत नाही.

प्रकार ओळखायला लॅटिन पाठ करायची गरज नाही. 1802 साली लंडनमधल्या ल्यूक हॉवर्डने, तोही हवामानवाला नाही, रसायनांच्या धंद्यातला माणूस, सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस (चादरीसारखा थर) आणि निंबस (पावसाचा ढग) अशी नावं सुचवली आणि आज जागतिक हवामान संघटनेच्या क्लाउड ॲटलासमध्ये जे 10 मुख्य प्रकार आहेत त्यांची नावं जवळपास याच शब्दांच्या जोडाजोडीतून झालीयेत, मधल्या उंचीसाठी फक्त एक 'अल्टो' वाढवलाय. पण चित्र काढणाऱ्याला त्याआधी एकच प्रश्न विचारायचाय, हा ढग पाण्याच्या थेंबांचा आहे की बर्फाच्या कणांचा?

कारण कडा तिथूनच ठरते. क्युम्युलसमध्ये पाण्याचे बारीक थेंब असतात, बाहेरच्या कोरड्या हवेत मिसळले की झटकन उडून जातात, त्यामुळे ढग जिथे संपतो तिथे संपतोच, कडा स्वच्छ. बर्फाचे कण लवकर नाहीसे होत नाहीत, हळूहळू खाली पडत राहतात, वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याचा वेग वेगळा असतो म्हणून मागे ओढले जातात, आणि सिरसचे ते आकड्यासारखे तंतू तयार होतात. म्हणजे क्युम्युलसला कडक ब्रश (हो, कडकच) आणि सिरसला एका दिशेने ओढलेला स्मज (रंग फासणारं टूल). क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी पावसाचा उंच ढग, काढायला मला सगळ्यात जास्त मजा येते कारण त्यात दोन्ही एकाच ढगात येतं, खाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे करकरीत उंचवटे आणि वर गेल्यावर पाणी गोठलं की तोच माथा धूसर, तंतुमय होत जातो आणि शेवटी ऐरणीसारखा आडवा पसरतो, कारण वरच्या स्थिर थरातून हवेला आणखी चढता येत नाही. ही ऐरण खालच्या भागाइतकीच शार्प काढली की सगळा ढग प्लास्टिकचा वाटतो.

आता तळ. हवा वर चढताना थंड होत जाते आणि ठराविक उंचीला तिच्यातली वाफ थेंब व्हायला लागते, ती उंची आजूबाजूला साधारण सारखीच असते, म्हणून एका वेळच्या सगळ्या क्युम्युलसचे तळ सपाट आणि एका पातळीत. (हवेचं तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचे थेंब व्हायला लागतात ते, यांच्यातल्या दर 1 अंश फरकाला ढोबळमानाने 125 मीटर उंची धरतात.) हे एकदा कळलं की पर्स्पेक्टिव्ह आपोआप सुटतो: जमिनीला जशी ग्रिड टाकता तशीच एक ग्रिड डोक्यावर छतासारखी टाका आणि सगळे तळ तिच्यावर बसवा. डोक्यावरच्या ढगाचा तळ रुंद दिसेल, लांबच्याची फक्त बाजू दिसेल, आणि क्षितिजाजवळ ढग लहान होत एकमेकांना चिकटत जातील. हे न करता ढग नुसते आकाशभर शिंपडले की रंग कितीही भारी असू द्या, खोली येत नाही म्हणजे नाहीच.

पुंजक्यापुंजक्यांचं आकाश असेल तर बोटाची ट्रिक. हात सरळ लांब करून पुंजके मोजायचे, पण क्षितिजापासून 30 अंशांच्या वरचेच. पुंजका करंगळीच्या मागे लपला तर सिरोक्युम्युलस, तीन बोटांपर्यंत गेला तर अल्टोक्युम्युलस, त्याहून मोठा तर स्ट्रॅटोक्युम्युलस. रेफरन्स फोटो निवडताना हे फार कामाला येतं, कारण फोटोत झूममुळे साइजचा काही भरवसा नसतो.

चादरीसारख्या पसरलेल्या ढगांकडे कुणी लक्ष देत नाही पण खाली जमिनीवर काय काढायचं ते तेच ठरवतात. सिरोस्ट्रॅटसमधून सूर्य स्पष्ट दिसतो, सावल्या पडतात, कधीकधी सूर्याभोवती 22 अंशांचं कडंही दिसतं. अल्टोस्ट्रॅटसमधून सूर्य म्हणजे फक्त एक अंधुक डाग, कडं नाही, सावलीही नाही. तेव्हा वर करडं अल्टोस्ट्रॅटस आणि खाली कॅरेक्टरच्या पायाशी काळीभोर सावली असं चित्र मला तरी बघवत नाही. निंबोस्ट्रॅटसमध्ये तर सूर्य गायबच, तिथे एक ग्रेडियंट आणि पाऊस, संपलं.

रंगाच्या बाबतीत मात्र घाई नको. ढगाचे थेंब प्रकाश जवळपास शोषतच नाहीत, इकडून तिकडे उडवत राहतात, म्हणून सावलीत शुद्ध करडा किंवा काळा ओतला की ढग धुरासारखा होतो. सावलीत आकाशाचा निळा येतो, तळाला जमिनीचा रंग लागतो. थेंब प्रकाश सगळ्यात जास्त पुढच्या दिशेने फेकतात, त्यामुळे सूर्य ढगामागे असेल तर पातळ कडा झगझगीत आणि जाड मधला भाग गडद, आणि सूर्य आपल्या पाठीशी असेल तर हे बहुतेक गायब. अजून एक, लांबचा पांढरा ढग निळसर करू नका! त्याच्या प्रकाशातला निळा वाटेत विखुरतो म्हणून तो पिवळट, कोमट होतो, निळसर होतात ते लांबचे गडद भाग.

थ्रीडीवाल्यांसाठी पण हेच लागू आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये व्हॉल्यूम बाउन्स (ढगाच्या आत प्रकाश किती वेळा उसळेल तो आकडा) डीफॉल्टला 0 असतात, मग ढग काजळी लावल्यासारखा येतो आणि लोक लाइट वाढवत बसतात, खरं तर बाउन्स वाढवायचे आणि ॲनिसोट्रॉपी पॉझिटिव्ह ठेवायची, म्हणजे प्रकाश पुढच्या दिशेने जास्त फेकला जातो. रेंडर मरणाचं स्लो होतं, त्याला इलाज नाही. आकारासाठी नुसता पर्लिन नॉइज (मऊ चढउतारांचा गणिती पॅटर्न) दिला तर धुकं मिळतं, फुगीर उंचवट्यांसाठी त्यात वोर्ली (पेशींसारखे पुंजके देणारा नॉइज) मिसळावा लागतो, गेरिला गेम्स या गेम कंपनीच्या टीमने 2015 च्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत गेमसाठी हेच मिश्रण दाखवलं होतं. आणि नॉइजला तळ नसतो, तो उंचीप्रमाणे डेन्सिटी कापून आपणच द्यायचा, क्युम्युलसला खाली एकदम, स्ट्रॅटसला वरखाली दोन्हीकडे हळूहळू.