ओरखड्याची सीडी आणि माझं 'फेअर यूज'

नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही, हे तो घरी आल्यावर लक्षात आलं. माझं नकाशे काढायचं सॉफ्टवेअर सीडीवर. रीतसर विकत घेतलेलं, डब्यावर 'की', म्हणजे ते चालू करायचा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, चिकटवलेली. सीडीवर मात्र कडेपासून मधल्या भोकापर्यंत एक ओरखडा. ती पूर्ण जायच्या आत इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवावी म्हटलं. पण हे चालतं का?

इथे अमेरिकेत कुणालाही विचारा, 'स्वतःसाठीच ना? मग फेअर यूज!' फेअर यूज म्हणजे कॉपीराइटवाल्याला न विचारता केलेला, तरी कायद्याला चालणारा वापर. मीही तेच धरून होतो. कॉपीराइट कायद्याचं कलम १०७ काढून वाचलं, तर त्यात असली सरसकट सूट कुठेच नाही. चार कसोट्या आहेत: वापर कशासाठी, मूळ कृती कोणत्या प्रकारची, किती भाग घेतला, आणि तिच्या बाजारावर काय परिणाम होतो. त्या तोलणार कोर्ट. गूगल-ओरॅकल वादात गूगलने घेतलेला सुमारे साडेअकरा हजार ओळींचा कोड फेअर यूज ठरायला २०१० पासून २०२१ उजाडलं. एका सीडीपायी एवढा जीव माझ्यात नाही.

कामाचं निघालं कलम ११७. प्रोग्रामच्या प्रतीचा मालक जपून ठेवायला नक्कल काढू शकतो आणि प्रोग्राम चालवताना अपरिहार्यपणे होणारी नक्कलही त्याला माफ. (प्रोग्राम मेमरीत चढतो तीसुद्धा कोर्टाच्या लेखी नक्कलच!) मूळ प्रत बाळगायचा हक्क संपला की जपलेल्या नकला नष्ट करायच्या.

सगळी मेख 'मालक' या शब्दात. डब्यातल्या करारात पहिल्याच परिच्छेदात होतं की सॉफ्टवेअर विकलेलं नाही, परवान्यावर दिलं आहे. इतकी वर्षं मी ते न वाचता 'मान्य' दाबत आलो. व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात २०१० मध्ये नवव्या सर्किटच्या (म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या) केंद्रीय अपील कोर्टाने म्हटलं, कंपनी परवाना म्हणत असेल, प्रत दुसऱ्याला द्यायला बरीच आडकाठी असेल आणि वापरावरही ठळक बंधनं असतील, तर घेणारा मालक नाही. माझ्या करारात तिन्ही होतं. म्हणजे ११७चा आधार डळमळीत. मग बसून अख्खा करार वाचला. नवव्या कलमात एक ओळ सापडली: 'एक बॅकअप प्रत काढता येईल.' सुटलो.

बाहेरचा ड्राइव्ह जोडला. ९१ टक्क्यांवर तो घरघरत अडकला. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली (गोल फिरवून पुसू नये), वेग कमी केला. तिसऱ्या खेपेला इमेज पूर्ण झाली.

इन्स्टॉल झालं, पण अ‍ॅक्टिव्हेशन अडलं. भाचा म्हणाला, "मामा, क्रॅक टाक ना, पैसे तर भरलेत तू!" पण क्रॅक म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप फोडणं, आणि त्याबद्दल १९९८ पासून वेगळं कलम आहे, १२०१. त्यातल्या सवलती मोजक्या, आणि प्रत आपली आहे एवढ्याने तिथे भागत नाही. शिवाय क्रॅकसोबत काय येईल देव जाणे.

कंपनीला ईमेल केला. पाच दिवसांनी उत्तर आलं: जुन्या मशीनवरून काढून टाका, कीचा फोटो पाठवा. फोटो पाठवला. पुन्हा विचारणा, शेवटून तिसरं अक्षर बी की आठ? शाई पुसट झालेली. भिंग घेऊन डबा खिडकीपाशी धरला.

आठ होता.