करडी बस आणि शिवणयंत्र

जर्मनीत वृद्धाश्रमात नवं माणूस दाखल झालं की त्याच्या आयुष्याची माहिती आम्हा परिचारिकांना लिहून घ्यावी लागते. घरचे लोक, शाळा, आवडी, भीती कशाची वाटते, सगळं. पुढे स्मृतिभ्रंश झालाच, तर सांभाळणाऱ्याला तेवढाच आधार. मी मूळची सांगलीची, नोकरी नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वेबिशे आल्बच्या पठारावर. नव्वदी ओलांडलेल्या एका आजींपुढे फॉर्म घेऊन बसले तेव्हा वाटलं, जेवणाआधी उरकेल.

'भीती' या रकान्यापाशी आजी म्हणाल्या, "करडी बस. काचा रंगवलेली."

त्यांच्या आत्याला फेफरं यायचं, म्हणून तिला एका संस्थेत ठेवलं होतं. 1940 च्या उन्हाळ्यात तिला तिथून बसनं नेलं. मग पत्र आलं: अपेंडिक्सच्या दुखण्यानं वारली, साथीच्या धोक्यामुळे दहन उरकलं आहे, अस्थिकलश हवा असल्यास कळवा. अपेंडिक्स तर कधीच काढलेलं होतं!

ती बस ग्राफेनेकला जायची. टेकडीवरचा जुना सरदारी वाडा, आमच्या इथून फार लांब नाही. त्या एका वर्षात तिथे नाझींनी 10,654 मनोरुग्ण आणि अपंग माणसं विषारी वायूनं मारली.

"लोकांना कळलं होतं?" मी विचारलं.

"अहो, आम्हा पोरांनासुद्धा. कुणी वेड्यासारखं केलं की आम्ही म्हणायचो, थांब, बस येईल."

म्हातारपणी रचलेली गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. आमच्या या भागाचे, म्हणजे वुर्टेम्बर्गचे, बिशप वुर्म यांनी जुलै 1940 मध्येच गृहमंत्र्यांना याबद्दल निषेधाचं पत्र लिहिलं होतं. डिसेंबरमध्ये खुद्द एसएस या नाझी संघटनेचा प्रमुख हिमलर यानं लिहिलं, की तिथलं गुपित आता गुपित राहिलेलं नाही, लोकांना गाड्या ओळखू येतात आणि धूरही दिसतो. ग्राफेनेक बंद झालं आणि तिथले बरेच कर्मचारी हाडामार या दुसऱ्या ठिकाणी त्याच कामावर रुजू झाले.

त्याच भागात बुटेनहाउझेन हे गाव आहे. एके काळी जवळजवळ निम्मी वस्ती ज्यूंची. नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांचं प्रार्थनास्थळ जाळलं. 1 डिसेंबर 1941 रोजी वुर्टेम्बर्गमधल्या सुमारे 1000 ज्यूंना घेऊन स्टुटगार्टहून लाटव्हियातल्या रीगाकडे रेल्वे सुटली. मी त्यांच्याबद्दल विचारलं, तर इतका वेळ भडाभडा बोलणाऱ्या आजी खिडकीकडे बघत म्हणाल्या, "ते गेले. कुठे गेले, कोणाला ठाऊक?"

मी पुढच्या रकान्याकडे वळले. आवडी? "शिवणकाम. आईनं लिलावात यंत्र घेतलं होतं, ज्यूंच्या घरचं. फार छान चालायचं."

किती सहज बोलल्या! नैर्ऋत्य जर्मनीतल्या ल्योराख गावातल्या 1940 च्या अशा लिलावांचे फोटो मी नंतर पाहिले. भर दिवसा, सामानाभोवती माणसांची दाटी. आजींना मी खोटं ठरवणार नाही, तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या पोर होत्या. पण बोली लावणाऱ्या मोठ्या माणसाला एवढं तर कळत असणारच, की या यंत्राची मालकीण आता ते मागायला येणार नाही. रीगाजवळच्या जंगलात ज्यूंना गोळ्या घातल्या जाताहेत, हे त्याला ठाऊक असायची गरज नव्हती. आत्याच्या बाबतीत मात्र आजींच्या आजोबांनी पत्रातली एकेक ओळ तपासली होती.

फॉर्ममध्ये शिवणकाम लिहिलं. 'भीती'पुढे सहकाऱ्यांसाठी सूचना लिहिली: दवाखान्यात न्यायचं असेल तर कुठे नेतोय, परत कधी आणणार, हे गाडीत बसवण्याआधी नीट सांगावं.