काऊन गा, नुसताच बसला?

माझ्या घोंगडीला रुपयाएवढं भोक आहे. बायको दोनदा सुई-दोरा घेऊन बसली, मी शिवू दिलं नाही.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. हलका धान कापून खळ्यावर पुंजणं, म्हणजे कापलेल्या धानाची रास, लागलं होतं, जड धान अजून बांधीत उभा होता. आमच्या गडचिरोलीतल्या आरमोरीकडं या दिवसांत रात्री शेतात माणूस असावाच लागतो, नाहीतर रानडुकरं एका रात्रीत आख्खी बांधी लोळवून जातात. राखणीला बिडीसारखी सोबत नाही, असं आम्ही सगळेच म्हणतो. त्या पहाटे मला जाग आली ती लोकर जळल्याच्या वासानं. बिडी पिता पिताच डोळा लागला होता. घोंगडी धुपत होती, खाली अंथरलेलं तणस काळं पडत चाललं होतं, आणि पुंजणं तिथून चार हातांवर. पिण्याच्या पाण्याची कॅन उपडी केली. विझलं. तरी किती तरी वेळ मी त्या ओल्या तणसावरून हात फिरवत होतो, कुठं ठिणगी राहिली का म्हणून.

दरवर्षी या दिवसांत कोणाचं ना कोणाचं पुंजणं जळतं आणि गाव म्हणतं, दुष्मनानं लावलं. यातल्या किती जणांचा दुष्मन त्यांच्याच खिशात होता, कोण जाणे.

उजाडायच्या आत घरी येऊन बंडल खताच्या खड्ड्यात फेकलं. अकरा बिड्या शिल्लक होत्या. फेकायच्या आधी मोजल्या, यावरूनच काय ते समजा. सतरा वर्षं रोजचं एक बंडल, आणि पहिली बिडी उठल्यावर पाच मिनिटांच्या आत.

पहिली पंचाईत संडासात झाली. हसू नका. ज्याला सकाळी बिडीशिवाय पोट साफ व्हायची सवयच नाही, त्याला विचारा. अर्धा तास बसून तसाच परत आलो. हे चार-पाच दिवस चाललं. गरम पाणी, पपई, रात्री दोन चमचे इसबगोल असं करत करत गाडी रुळावर आली. हे आधी कोणी सांगितलं असतं तर घाबरलो नसतो. मला वाटलं आतड्यालाच काही झालं.

त्या दिवशी धुऱ्याकडचा, म्हणजे बांधाकडचा, थोडा राहिलेला हलका धान कापायचा होता. आम्ही चार गडी, सहा बाया. दहाच्या सुमारास गडी धुऱ्यावर बसले, बंडल फिरलं. मी म्हटलं, ‘नको, मी सोडली.’ एकानं हसून माचिस माझ्यापुढं वाजवली. मी विळा घेऊन कापतच राहिलो. बारा वाजता तेच, तीन वाजता तेच. ते बसत, मी कापत राही. संध्याकाळी कंबर मोडली होती, डोकं ठणकत होतं, आणि मनात एकच घोकणं चालू होतं, ‘एकच. फक्त एकच.’

त्या संध्याकाळी मी खताच्या खड्ड्यावर गेलो. पाणी टाकायला गेलो असं बायकोला सांगितलं. काडीनं उकरून बंडल काढलं. बिड्या शेणपाण्यात भिजून फुगल्या होत्या. दोन वाळतील का, असाही विचार आला. बंडलाचा कागद मात्र शाबूत होता आणि त्यावर तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर होता, 1800-11-2356. इतकी वर्षं तो कागद फाडत आलो, वाचला कधी नव्हता. फोन लावला दुसऱ्या दिवशी, तोही धीर गोळा करून, गोठ्याच्या मागं उभं राहून.

दुसरा दिवस सगळ्यात वाईट. रात्री झोप नाही. सकाळी पोरानं सायकलची चावी हरवली तर मी एवढा ओरडलो की शेजारचे काका दारात आले. बैलावर हात उचलला, तोही कारण नसताना. फोनवरच्या माणसानं हिंदीत पहिला प्रश्न केला, उठल्यावर किती वेळानं पहिली पिता? मी सांगितलं. तो म्हणाला, मग तुम्हाला पहिले तीन दिवस जड जाणार, हे धरूनच चाला. निकोटीन रक्तातून साधारण दोन तासांत अर्धं होतं, म्हणून तर तास-दोन तासांनी हात खिशाकडं जातो. शरीराची ओढ दोन-तीन दिवसांत टोकाला जाते, मग उतरते; पण चिडचिड, झोपमोड, भूक हे दोन-चार आठवडे राहू शकतं. आणि एक गोष्ट त्यानं दोनदा सांगितली : तल्लफ आली की ती काही मिनिटांत जाते, बिडी प्याली तरी जाते, नाही प्याली तरी जाते.

मला काही हे पटलं नाही. मी मोबाइलवर वेळ लावून बघितलं. दुपारी जेवण झाल्याबरोबर तल्लफ उठली. तोंडाला पाणी सुटलं, छातीत कोणी दोरी आवळल्यासारखं झालं, बोटं आपोआप एकमेकांवर घासायला लागली. घड्याळात एक वाजून बारा मिनिटं. घोटभर पाणी प्यालो. उठून विहिरीपर्यंत गेलो, परत आलो. पोट फुगवून श्वास घेतला, हळूहळू सोडला. मला वाटलं अर्धा तास झाला. बघतो तर एक वाजून अठरा मिनिटं, आणि दोरी सैल पडलेली. सहा मिनिटं. चुलीवर चहाला उकळी फुटेस्तोवर जेवढा वेळ लागतो, तेवढाच. मग मी प्रत्येक वेळी तेच केलं. त्या दिवशी सतरा-अठरा उकळ्या मोजल्या असतील.

पण कामातली तल्लफ मोजून जात नव्हती. दुसऱ्या दिवशीही गडी बसले की मी कापत राहिलो आणि चारच्या सुमारास विळा फेकून धुऱ्यावर गेलो, बंडल मागायलाच. बायको भारे बांधत होती. तिनं बघितलं. जवळ येऊन म्हणाली, ‘बसाचं आहे तं बसा ना. बसाले बिडी लागतेच का?’

मी म्हटलं, ‘नुसताच बसू? लोक का म्हणतीन?’

ती म्हणाली, ‘आमी बाया दाताले तंबाखूची नस घासाचं निमित्त करून बसतो, तुमी बिडीचं. थकते तं सारेच.’

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं कामाच्या माणसाला नुसतं बसता येत नाही. बिडी पेटवली की पाच मिनिटं तुमची. मालक बोलत नाही, बाप बोलत नाही. बिडीशिवाय बसलात की लगेच, ‘काऊन गा, नुसताच बसला?’ माझी दिवसातली निम्मी तल्लफ निकोटीनची असेल, निम्मी त्या बसण्याची होती. दोन दिवस मी बिडी सोडली म्हणून विसावाही सोडला होता, आणि शरीर दोन्हींसाठी रडत होतं.

तेव्हापासून गडी बसले की मीही बसू लागलो. थोडं लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला, म्हणजे धूर माझ्याकडं येत नसे. हात रिकामा राहिला की तो खिशाकडं जातो, म्हणून तणसाच्या दोन काड्या घेऊन दोरी वळायचो. बायकोनं पदराच्या गाठीत बडीशेप आणि लवंगा दिल्या होत्या. पहिल्या दिवशी गडी हसले. एकजण म्हणाला, ‘साधू झाला बा.’ तिसऱ्या दिवशी कोणी बघितलंही नाही.

बिडी सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर तरुण होते. मी नेहमीचं बोललो, बिडी पानाची असते, सिगारेटएवढी वाईट नाही. ते म्हणाले, उलट आहे. बिडी सारखी ओढली नाही तर विझते, म्हणून झुरके जास्त घ्यावे लागतात आणि खोल घ्यावे लागतात. रक्तदाब बघितला, निकोटीनचा च्युइंगम लिहून दिला. मेडिकलवाल्यानं काही समजावलं नाही. मी बाहेर येऊन भराभर चावला, आणि बसस्टँडवर उभ्या उभ्या उचकी लागली ती वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी सांगितलं, तो सारखा चावायचा नसतोच. चार-सहा वेळा चावायचा, तोंडात मिरीसारखं चुरचुरलं की गालात ठेवून द्यायचा. चुरचुर गेली की परत चावायचा. आणि पंधरा मिनिटं आधी चहा नाही. ‘खर्रा ठेवता ना तसा ठेवा,’ त्या म्हणाल्या. हे एका विदर्भातल्या माणसाला सांगायला एवढंच पुरे होतं.

खर्ऱ्याचं निघालंच आहे तर तेही सांगतो, कारण बिडी सोडणारा आमच्याकडं हमखास तिथंच जाऊन पडतो. त्याच रात्री गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, होती आणि मंडई म्हणजे नाटक. वडशाची कंपनी आली होती. रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत. मी जाऊ नको असं स्वतःला चार वेळा सांगितलं आणि गेलो. पहिल्या अंकाला ठीक होतं. दुसऱ्या अंकाच्या आधी मंडपाबाहेर धुराचा ढगच. मी पानठेल्यापासून लांब, वडाच्या पारावर बसलो. थंडी होती. मोठा साळा शोधत आला. त्याला माझी दया आली होती, अगदी मनापासून. खिशातून पन्नी काढली, तळहातावर घोटून सुपारी-तंबाखू-चुना एकजीव झालेला खर्रा पुढं केला.

‘भाटोजी, बिडी नका पिऊ, बरं केलं. हा घ्या. यात धूर नाही.’

वास इतका ओळखीचा होता की हात पुढं गेलाच. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचा तक्ता आठवला, 2016-17 च्या सरकारी पाहणीचा. महाराष्ट्रात मोठ्या माणसांत धूर पिणारे शंभरात चारही नाहीत, 3.8 टक्के. तंबाखू खाणारे-घासणारे मात्र 24.4 टक्के. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखू मुख्यतः तोंडातच राहतो, आणि तोंडाचा कॅन्सर कोणाच्या घरी आला नाही असं गाव मला तरी माहीत नाही. गडचिरोली जिल्ह्यात 2016 पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानाचं काम चालू आहे, त्यांची माणसं गावात येऊन हेच सांगतात. आम्ही सभेत मागं बसून खर्रा घोटत ऐकलं होतं.

मी साळ्याला म्हटलं, ‘भाऊ, हे तं तेच आहे. नुसता धूर नाही.’ तो थोडा नाराज झाला. मग माझ्याशेजारी पारावरच बसला. त्यानं त्याचा खर्रा खाल्ला, मी लवंग चघळली. आत नायिका गाणं म्हणत होती.

सहाव्या दिवशी मी घसरलो. शेजारचे काका, तेच जे माझा आवाज ऐकून दारात आले होते, रात्रीतून गेले. वैनगंगेच्या घाटावर सरण पेटलं, आणि माणसं वाळूत गोल करून बसली. अशा वेळी कोणी बोलत नाही, बिडी फक्त हातून हातात जाते. माझ्या हातात आली. पुढं द्यायला म्हणून घेतली आणि दोन झुरके मारले. डोकं गरगरलं, घशाला काटे लागले, आणि चव, एवढ्या दिवस जिच्यासाठी जीव टाकला ती चव, ओल्या चुलीसारखी. पुढच्या माणसाला दिली आणि नदीवर जाऊन चूळ भरली.

घरी येताना वाटलं, आता काय, मोडलंच आहे तर बंडल घेऊ. दुकानापर्यंत गेलोही होतो. गोठ्यामागं जाऊन परत तोच नंबर लावला. वेगळा माणूस होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, दोन झुरके म्हणजे दोन झुरके, बंडल नव्हे. पुढची तल्लफ कधी येईल ते सांगा. मी म्हटलं, जेवल्यावर. मग जेवल्यावर काय करणार? मी म्हटलं, विहिरीपर्यंत जाईन. ‘ठीक है, जाइए.’ बस, एवढंच बोलणं झालं.

त्यानंतर मोजायला उकळ्या कमी कमी होत गेल्या. खोकला मात्र पहिल्यापेक्षा वाढला, दोन आठवडे बेडका पडत होता. छाती साफ होताना असं होतं असं डॉक्टर म्हणाले. भूक एवढी लागायला लागली की बायको म्हणाली, बिडीचे पैसे वाचले ते भाकरीत गेले. च्युइंगम दोन महिने पुरला, शेवटी शेवटी तर खिशात तसाच राही. घोंगडी जळाल्यानंतर राखणीला परत गेलो तेव्हा विस्तव खळ्यापासून लांब, खड्डा करून पेटवला आणि बॅटरीवर रेडिओ लावला. डुकरांना बिडीच्या धुराचं काही वाटत नाही, हे तेव्हा कळलं. रेडिओनं मात्र ती लांब राहिली.

मे महिन्यात तेंदूपत्ता लागला. आमच्याच जंगलातलं पान, त्याचीच बिडी. पहाटे तोडायचं, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात तिथं, न्यायचे. पानाचा तो हिरवा, तुरट वास हातांना लागला आणि पाच-सहा महिन्यांनी पहिल्यांदा तशी जोरदार तल्लफ आली. एकेचाळिसावं पान हातात होतं. मोजणी चुकली. उठलो, मडक्यातलं पाणी प्यालो, मोहाच्या झाडाला टेकून बसलो.

फळीवरचा मुन्शी वहीतून डोकं वर काढून म्हणाला, ‘काऊन गा, नुसताच बसला?’

‘हाव,’ म्हटलं, ‘नुसताच बसलो. तुमचा हिशेब झाला का?’