मशेरीचा वास

जानेवारीतली ग्वाल्हेरची सकाळ, नळाचं पाणी बोटांना चावत होतं. सहाच्या ड्रेसिंगसाठी ट्रे लावत होते, तर बेसिनकडून वास आला. भाजलेल्या तंबाखूचा, थेट माझ्या आजीच्या हातांचा.

बेसिनपाशी सात नंबरच्या खाटेवरचे दादा. वय 38, शहरातल्या लष्कर भागात शिलाईचं दुकान, वीस वर्षांची बिडी. बर्जरचा आजार. यात हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजून आत गुठळ्या धरतात, आणि तो तंबाखू घेणाऱ्यांनाच होतो म्हटलं तरी चालेल. डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम चार महिने भरत नव्हती, टोक काळं पडलेलं. दंडावर रक्तदाब 130, घोट्यावर फक्त 52. गुडघ्याखाली बायपास जोडायला धड वाहिनीच सापडली नाही, म्हणून सगळी भिस्त औषधावर.

रोज सहा तास पंपावर प्रोस्टाग्लँडिनचं सलाईन. ते रक्तवाहिन्या सैल करतं, प्लेटलेट चिकटू देत नाही. वेग वाढवला की त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा, डोकं ठणकायचं, म्हणून मी दर थोड्या वेळाने बीपी बघत बसायची. जोडीला ॲस्पिरिन, आणि उपाशीपोटी दोन वेळा सिलोस्टाझोल, हीसुद्धा रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी. पाचव्या रात्री ठणका कमी झाला आणि दादा पहिल्यांदा पाय खाली न लोंबकळवता झोपले. सातव्या रात्री पुन्हा तळमळ. का, ते कुणालाच कळेना.

"दादा, हे काय?"

"मशेरी आहे ताई. बिडीला हात लावलेला नाही, आईची शपथ."

खरंच लावला नव्हता. दाखल करताना मीच विचारलं होतं: बिडी, सिगारेट, गुटखा? मशेरीचं नावही घेतलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते दात घासणं होतं, आणि डबी वहिनी घरून मायेने आणत होत्या. हिरडीतून रक्तात जाणारं निकोटीन वाहिन्या आवळत होतं, आणि आम्ही वरून महागडं औषध सोडत होतो.

मी तिथेच स्टूल ओढून बसले. रागावले नाही, पण काही लपवलंही नाही. तंबाखू कुठल्याही रूपात चालू राहिली तर हा आजार थांबत नाही, पाय जातो, हे स्पष्ट सांगितलं. वहिनी रडल्या. मग हळूच म्हणाल्या, मी रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेकही देते. तोही बंद करवला. रक्त कमी पोहोचणाऱ्या पायाची कातडी थोड्याशा शेकानेही भाजते, आणि ते भाजलेलं मग भरत नाही. डबी त्यांनी स्वतः कचऱ्यात टाकली.

त्या दिवसापासून नव्या रुग्णाला मी आधी विचारते, दात कशाने घासता?

तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या तळाशी नव्याने भरणाऱ्या मांसाचे लाल दाणे दिसू लागले. एका रात्री दादांनी हाक मारली. महिनाभर ज्या पायाला चादरीचा स्पर्श सोसत नव्हता, तो पुढे करून म्हणाले, "ताई, थंडी वाजतेय. यावर पांघरूण घाला ना."