चार देश, तीन दिवस: तयारीची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की एक वर्ष पक्कं करायचं, त्या वर्षाचा नकाशा काढायचा आणि अलिबागपासून बाणकोटपर्यंत जेवढी राज्यं लागतील तेवढ्यांच्या सीमा दुचाकीवरून ओलांडायच्या. ते बारगळलं. पोर्तुगीज चौल सोडून गेले 1740 मध्ये आणि इंग्रज बाणकोटला आले 1755-56 मध्ये. म्हणजे आंग्रे, पोर्तुगीज, सिद्दी आणि इंग्रज एकाच वर्षी आपापल्या किल्ल्यावर झेंडा लावून बसलेत, असं या पट्ट्यात घडलंच नाही. आमच्यातले मास्तर हे पहिल्या दिवसापासून सांगत होते. मी ऐकलं नाही. आता वर्ष सोडलं, देश ठेवले.

तरी दीडशे किलोमीटरच्या आत चार राजवटी! परदेशात छोटे छोटे देश एका फेरीत बघून आलेल्यांच्या गप्पा ऐकून आम्हा दापोलीकरांच्या पोटात दुखायचं, ते आता जरा कमी झालंय.

या महिन्याचं मुख्य काम होतं तिथी ठरवणं. तारीख नव्हे, तिथी. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी हवी, आणि इथेच मी गेल्या दिवाळीनंतर तोंडावर आपटलो होतो. आपला जुना हिशोब सगळ्यांना माहीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या तासाला पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाची भरती म्हणजे बाराची ओहोटी. भरदुपारी, झोप पुरी करून, जेवून जाता येईल म्हणून मी अष्टमी धरली. अलिबागच्या पुळणीवर पोचलो तर बारा वाजता वाटेत मांडीभर पाणी. घोडागाडीवाले काका हसले. "अष्टमीला भांगाचं पाणी, ते कशाला एवढं हटतंय? उधाणाला या."

बरोबरच आहे. ओहोटी कधी, एवढंच मी मोजलं. किती, ते मोजलंच नाही. अष्टमीच्या आसपास भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. पाणी दूरवर हटतं ते पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास. पण पौर्णिमेची भरती येते सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी पहाटे सव्वापाच किंवा संध्याकाळी सव्वापाच. पहाटे अंधार, संध्याकाळी परतताना अंधार. मधला मार्ग द्वितीया. भरती दीडला, ओहोटी सकाळी साडेसातला, आणि उधाणाचा जोर अजून टिकलेला. शिवाय वद्य द्वितीयेला त्या वेळी चंद्र पश्चिमेला समुद्रावर मावळत असतो, म्हणजे किल्ल्याच्या अंगाला. मार्गशीर्ष वद्य द्वितीया पक्की केली. हिशोब ढोबळ आहे, म्हणून आदल्या आठवड्यात भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघायचंच.

एकदा द्वितीया धरल्यावर बाकीचे दिवस आपोआप लागले. तिसऱ्या दिवशी चतुर्थी, नऊची ओहोटी, आणि त्या सकाळी आम्ही हरिहरेश्वरला असू. तिथली समुद्राकडची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते. हे मी जुळवलेलं नाही, जुळलं.

पहिला देश आंग्र्यांचा. कुलाबा शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतला. पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं मुख्य ठाणं झाला. 1840 मध्ये संस्थान इंग्रजांनी खालसा केलं. आतलं सिद्धिविनायकाचं देऊळ, गोड्या पाण्याचं तळं आणि उत्तरेच्या तटावरच्या चाकाच्या तोफा बघून पाणी चढायच्या आत बाहेर. मग गावात कान्होजींची समाधी.

दुपारी पोर्तुगाल. रेवदंडा म्हणजेच पोर्तुगीजांचं चौल. गाव किल्ल्याच्या तटातच वसलंय, नारळी-पोफळीच्या वाड्यांत चर्चच्या भिंती उभ्या आहेत. सातखणी मनोरा आता नावालाच सात खणांचा. पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला सगळ्यांना माहीत आहे, पण मला जास्त ओढ गावाची. तिथले ख्रिस्ती लोक पोर्तुगीजातून जन्मलेली बोली घरात आजही बोलतात. तिला ते नौ लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे साधारण हजार. तट पडले, दारूगोळा गेला, आणि राहिली ती स्वयंपाकघरातली भाषा. तिथे निदान तासभर द्यायचा असं माझं मत. मास्तर म्हणतात अर्धा.

दुसरा दिवस सिद्दीचा. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. होडीवाले परतीची घाई करतात, म्हणून आत काय बघायचं ते आधीच ठरवलंय: कलाल बांगडी तोफ, गोडं तळं, पश्चिमेचा दर्या दरवाजा, बस्स. मग खोकरीचे घुमट, म्हणजे सिद्दींच्या कबरी. पद्मदुर्ग हा समुद्रातला किल्ला या खेपेला मुरूडच्या किनाऱ्यावरूनच. तिथल्या तटाचा दगड खाऱ्या हवेने झिजला पण सांध्यातला चुना उभा आहे, ते जवळून बघायला वेगळी फेरी लागेल. आगरदांडा ते दिघी जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने. पुढे श्रीवर्धन, पहिल्या पेशव्यांचं गाव. तेही जंजिरा संस्थानातच होतं, ते संस्थान थेट 1948 मध्ये विलीन होईपर्यंत.

चौथा देश खाडीपलीकडे. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडली की बाणकोट. इंग्रजांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. राणी व्हिक्टोरियाशी त्याचा संबंध नाही, तिचा जन्मच 1819 चा. हे मी आतापर्यंत तिघांना ऐकवून झालंय.

पासपोर्टाऐवजी दस्तक करायचं मास्तरांच्या डोक्यातून निघालं. कान्होजींचं दस्तक नसलेलं गलबत पकडलं जायचं, पोर्तुगीजांचा परवाना तो कार्ताज. जाड कागदावर चौघांसाठी चार दस्तकं मोडीत लिहून झालीत. दर सीमेवर शिक्का. तीन शिक्के बटाट्यात कोरले, सिद्दीचा काही जमेना, त्याला आता भेंडी कापून बघणार आहोत.

राहिलेलं: फेरीबोटीच्या शेवटच्या खेपेची वेळ, माझ्या गाडीची क्लच केबल, आणि हरिहरेश्वरच्या मावशींना जेवणाचं कळवणं. त्या म्हणाल्या, आदल्या दिवशी फोन करा, पण मासळीचं आत्ता नाही सांगत, चतुर्थी आहे ना तुमची.

मास्तरांना चतुर्थी असते, हे तिथी ठरवताना कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.